रेषेबाहेरचा चेंडू

मेहकरहून मालेगावकडे निघाले की वाटेत आमचे डोणगाव लागते. बँकेतून निवृत्त होऊन मी गावी परतलो, तेव्हापासून सकाळचा एक चहा बसथांब्याजवळच्या हॉटेलात घ्यायचा, असा माझा नेम आहे. तिथल्या बाकावर पूर्वी सोयाबीनच्या भावावर, विम्याच्या पैशावर आणि पावसावर वाद होत. ते आजही होतात. पण गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. तो म्हणजे फुटबॉल. कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांवर वाढलेल्या या मुलखात पोरे पहाटेपर्यंत जागून इंग्लंडच्या लीगचे सामने मोबाइलवर पाहतात, मेस्सी आणि रोनाल्डोच्या नावाचे सदरे घालतात आणि कुठल्याशा पंचाच्या निर्णयावरून एकमेकांशी बोलणे टाकतात.

परवा असाच वाद रंगला होता. पंचाच्या निर्णयाची चित्रफितीवरून फेरतपासणी करावी की करू नये, हा मुद्दा होता. एकाचे म्हणणे होते, 'व्हीएआर नावाच्या या भानगडीनं खेळाचा जीवच घेतला. गोल झाला तरी नाचता येत नाही, आधी त्या टीव्हीकडे पाहा.' दुसरा ऐकायला तयार नव्हता. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. 'काका, तुमी ब्यांकेत साहेब होते. आता तुमीच सांगा. बॉल रेषेच्या भायेर गेलेला सगये पाहून रायले, एकटा पंच म्हणते आतच होता. मंग पंचाचं आयकाव का फोटूचं?'

मी चहा संपवला. उत्तर दिले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वादांवर सही करून निकाल देणाऱ्या माणसाला असला प्रश्न एका चहात सोडवता येत नाही, हे मला पुरते ठाऊक होते. म्हणून हा लेख.

दोन चेंडू, एक शहर

त्या मुलाने दाखवलेले दृश्य ११ जून २०२४ चे होते. कतारमध्ये दोह्याच्या जसिम बिन हमद स्टेडियमवर भारत आणि कतार यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. जिंकलो तर भारत प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार होता. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला आणि ७३ व्या मिनिटापर्यंत आपण एक-शून्यने पुढे होतो. मग कतारच्या युसूफ अयमानने डोक्याने मारलेला चेंडू आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. अडवलेला चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाजूने अंत्यरेषेच्या बाहेर गेला. संधू आणि आपले बचावपटू आता कॉर्नर मिळणार म्हणून सैलावले. तेवढ्यात कतारच्या दुसऱ्या खेळाडूने तो बाहेरचा चेंडू पायाने आत ओढला, अयमानने जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. आपल्या खेळाडूंनी पंचांना गराडा घातला, पण निर्णय बदलला नाही. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. भारत हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल मात्र कायम राहिला.

आता दुसरा चेंडू पाहू. हाही दोह्यातलाच, पण दीड वर्ष आधीचा. १ डिसेंबर २०२२, खलिफा आंतरराष्ट्रीय स्टेडियम, विश्वचषकाचा जपान विरुद्ध स्पेन सामना. एक-एक अशी बरोबरी असताना जपानच्या मितोमाने अंत्यरेषेवरून चेंडू मागे वळवला आणि तनाकाने तो जाळ्यात ढकलला. घरी टीव्हीवर पाहणाऱ्या कोणालाही चेंडू बाहेर गेला असेच वाटले असते, मलाही वाटले. पण चित्रफीत तपासणाऱ्या पंचांनी गोल ग्राह्य धरला. नियम असा आहे की चेंडू जमिनीवर असो वा हवेत, तो संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला तरच बाहेर. चेंडू जमिनीला जिथे टेकतो तो बिंदू बाहेर होता, पण चेंडूची गोलाई वरून पाहिली तर रेषेच्या कडेवर अजून ओणवलेली होती. ती दोन मिलिमीटरहूनही कमी, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. जपान जिंकला. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर जर्मनीने कोस्टारिकाला चार-दोनने हरवले होते. तरीही जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. तो गोल नाकारला जाऊन बरोबरी टिकली असती, तर जपानऐवजी जर्मनी पुढे गेला असता.

ही दोन्ही दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. शहर एकच, नियम एकच, प्रश्नही एकच : चेंडू आत की बाहेर? एका सामन्यात अख्ख्या जगाला बाहेर दिसलेला चेंडू यंत्राने आत ठरवला आणि तो निर्णय बरोबर होता. दुसऱ्या सामन्यात सर्वांना बाहेर दिसलेला चेंडू पंचांनी आत ठरवला आणि तो निर्णय चूक होता. फरक पंचांच्या प्रामाणिकपणात नव्हता. पहिला सामना विश्वचषकाचा, म्हणून तिथे तपासणीची सोय होती. दुसरा पात्रता फेरीचा, म्हणून तिथे ती नव्हती. आमच्या चहाच्या बाकावरचा वाद 'यंत्र की माणूस' असा चालला होता. मला वाटते, खरा वाद निराळाच आहे. यंत्र कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या वाट्याला येत नाही, हा तो वाद आहे.

अर्थात न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो गोल मिळाल्यावरही सतरा-अठरा मिनिटे बाकी होती आणि त्यात आपल्याला गोल करता आला नाही, उलट एक खावा लागला. आपले सगळे अपयश त्या एका शिटीच्या माथी मारणे सोपे आहे. तेवढे ते खरे नाही. पण अन्याय झाला नाही असे त्यावरून ठरत नाही.

मेक्सिकोची रात्र

१९८६ साली मी कोल्हापूरला होतो. नोकरीला लागून फार वर्षे झाली नव्हती. फुटबॉल म्हणजे काय हे मला वऱ्हाडात कधी कळले नव्हते. ते कोल्हापुरात कळले. तिथे पेठापेठांचे आणि तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर कडाक्याच्या उन्हात भरलेल्या पायऱ्या आणि सामन्यानंतर चार दिवस चालणारी भांडणे. कुस्तीच्या तालमीत फुटबॉलचा संघ असावा, हे त्या गावालाच सुचावे.

२२ जूनच्या रात्री साडेअकराला अर्जेंटिना-इंग्लंड सामना दूरदर्शनवर सुरू झाला. एका खोलीत तीस-चाळीस माणसे होती. उत्तरार्धात मॅराडोना उंच उडाला आणि चेंडू शिल्टनच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. खोलीत जल्लोष झाला. मग पुन्हा दाखवलेले दृश्य आले आणि खोलीतला आवाज बदलला. हात लागला होता. चार मिनिटांनी त्याच मॅराडोनाने अर्ध्या मैदानातून इंग्लंडच्या खेळाडूंना चकवत दुसरा गोल केला आणि पहिल्या गोलाचे पाप जणू धुऊन निघाले. घरी जाताना एक म्हातारे पैलवान मात्र म्हणाले, 'दुसरा गोल लई भारी, पण पहिला चोरीचाच की!' हे वाक्य माझ्या कायम लक्षात राहिले. सौंदर्य एका खात्यात आणि न्याय दुसऱ्या खात्यात; एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही.

त्या सामन्याचे पंच ट्युनिशियाचे अली बेनासेर. त्यांना हात दिसला नव्हता. त्यांनी रेषेवरच्या साहाय्यकाकडे पाहिले, त्याने काही खूण केली नाही आणि गोल दिला गेला. पुढे २०२२ मध्ये बेनासेर यांच्याजवळ जपून ठेवलेला तो चेंडू लिलावात सुमारे वीस लाख पौंडांना विकला गेला. चुकीच्या निर्णयाचा चेंडू एवढा मोलाचा ठरावा, यातच या खेळाच्या चाहत्यांचे मन दिसते. चुकीने ते चिडतात आणि ती चूक चाळीस वर्षे उराशीही बाळगतात.

यंत्र आले, मग काय झाले

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१६ मध्ये चित्रफितीच्या चाचण्यांना मान्यता दिली, २०१८ मध्ये ही पद्धत नियमांत आली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. फ्रान्स-ऑस्ट्रेलिया सामन्यात ग्रिझमनला मिळालेली पेनल्टी ही विश्वचषकात या पद्धतीने मिळालेली पहिली. मूळ कल्पना मर्यादित होती. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूला शिक्षा होणे, या चारच प्रसंगी तपासणी करायची. आणि तीही पंचांची चूक उघड व ठसठशीत असेल तरच. २०२२ मध्ये ऑफसाइडसाठी आणखी यंत्रणा आली. छताखाली बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे. आणि चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा खबर देणारे यंत्र.

एवढे झाल्यावर भांडणे मिटायला हवी होती. ती वाढली. कारण 'उघड चूक' म्हणजे किती उघड, हे कॅमेरा सांगत नाही. हात चेंडूला लागला, एवढे तो दाखवतो. तो हात स्वाभाविक जागी होता की नव्हता, हे माणसालाच ठरवावे लागते. शिवाय संथ गतीने दाखवले की साधा धक्काही खुनशी वाटू लागतो.

युरोपातल्या चाहत्यांची तक्रार आणखी वेगळी आहे. गोल झाल्याच्या क्षणी जो आनंद उसळतो त्यासाठीच माणूस पैसे मोजून मैदानावर जातो. तो आनंद आता उधारीचा झाला. तपासणी होईपर्यंत हात वर करून थांबायचे. स्वीडनमध्ये क्लबांचा बहुमताचा ताबा सभासदांकडे असतो. तिथे चाहत्यांच्या दबावाने क्लब विरोधात गेले आणि २०२४ मध्ये महासंघाने ही पद्धत आणायचीच नाही असे ठरवले. नॉर्वेत २०२४ च्या जुलैत चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानावर मासळीचे वडे फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला. २०२५ मध्ये तिथल्या क्लबांनी ही पद्धत काढावी अशी शिफारस केली, पण महासंघाच्या सभेने ती ठेवायचे ठरवले. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा ठराव मांडला. वीस क्लबांत त्याच्या बाजूने त्याचे एकट्याचेच मत पडले.

या साऱ्यात मला सर्वांत बोलका वाटला तो ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना. लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला, रेषापंचाने ऑफसाइड दिला. चित्रफीत पाहणाऱ्यांना दिसले की ऑफसाइड नाही. पण मैदानावर गोल दिला गेला आहे असा त्यांचा समज झाला होता. 'तपासणी पूर्ण' असे त्यांनी कळवले. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ, आपला ऑफसाइडचा निर्णय बरोबर, असा घेतला. चित्र स्वच्छ, पाहणारे प्रशिक्षित, यंत्र निर्दोष. आणि निकाल चूक. चूक झाल्याचे पंचांच्या संस्थेने नंतर कबूल केले. लिव्हरपूल तो सामना दोन-एकने हरला होता.

बँकेत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे मोठ्या रकमेच्या कागदावर दोन सह्या लागत. एकाने केलेले दुसऱ्याने तपासावे, हा हेतू. पण वर्षानुवर्षे पाहिले ते असे, की पहिला सही करताना म्हणतो, पुढे साहेब बघणारच आहेत. आणि दुसरा सही करताना म्हणतो, याने बघितलेच असेल. दोन सह्यांच्या मधून चूक बिनबोभाट निघून जाते. तपासणीची पायरी वाढवली म्हणजे तपासणी वाढतेच असे नाही. कित्येकदा केवळ जबाबदारी पातळ होते.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. टीव्हीवरचे दृश्य पाहून बाद दिला गेलेला क्रिकेटमधला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. नोव्हेंबर १९९२, डर्बनची कसोटी, धावबाद. पुढे २००८ मध्ये श्रीलंकेत निर्णय फेरतपासणीची चाचणी झाली. त्यात हात पोळल्यावर आपल्या क्रिकेट मंडळाने आठ वर्षे ही पद्धत दूर ठेवली आणि २०१६ च्या इंग्लंड मालिकेत ती स्वीकारली. आज तिच्यावाचून कसोटीची कल्पनाही करवत नाही. तिच्यातली एक गोष्ट फुटबॉलने आधी घ्यायला हवी होती : तपासणी मागण्याचा हक्क खेळाडूंकडे आणि तो मोजून मापून. उगाच मागाल तर हक्क गमवाल.

कबड्डीचेही पाहा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझो इथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण, गुण २८-२८, शेवटचे मिनिट-दीड मिनिट. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न करता राखीव पट्ट्यात शिरला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही शिरले. एका नियमाने फक्त पवन बाद, दुसऱ्या नियमाने तेही बाद. चित्रात सगळे स्पष्ट दिसत होते. कोणता नियम लागू, हेच स्पष्ट नव्हते. निर्णय फिरत राहिला, खेळाडू मैदानात बसले, तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आपण जिंकलो म्हणून आपण ते विसरलो. इराणी प्रेक्षक विसरले नसतील. नियमच संदिग्ध असेल तर शंभर कॅमेरे लावले तरी ती संदिग्धताच शंभर बाजूंनी दिसते.

आणि २ फेब्रुवारी २०२५ चा अहिल्यानगरचा आखाडा तर ताजा आहे. महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ टेकली नाही, चित्रफीत पाहा, अशी राक्षेची मागणी होती. ती मान्य झाली नाही. वाद वाढला, राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन शेवटच्या क्षणी मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तालमीत वाढलेल्या मल्लाला तर नाहीच. पण त्या रात्री महाराष्ट्रातल्या हजारो मोबाइलवर ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिले जात होते आणि प्रत्येक जण पंच झाला होता. तो निर्णय बरोबर होता की चूक, हे मी इथे ठरवणार नाही. मला दिसते ते एवढेच : जे दृश्य सारा महाराष्ट्र पाहू शकतो, ते तिथे बसलेल्या पंचांनी सर्वांसमक्ष पाहिले नाही, की पंचांचा अधिकार टिकत नाही. पूर्वी पंचाला प्रेक्षकापेक्षा जास्त दिसत असे. तो जवळ होता. आज प्रेक्षकाला पंचापेक्षा जास्त दिसते. अधिकार तोच राहिला, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

एक हजार रुपये

इथवर मी चाहत्याच्या बाकावर बसून लिहिले. पण मी बरीच वर्षे पंचही होतो आणि त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

१९९४ ची गोष्ट. एका लहान शाखेत मी अधिकारी होतो. कापूस विकून आलेल्या एका शेतकऱ्याने खात्यात पैसे भरले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. चिठ्ठी कोणीतरी भरून दिली, रोखपालाने नोटा मोजल्या, मी पावतीवर सही केली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. शेजारच्या पोराने पावती वाचून दाखवली होती. पावती सात हजारांची होती. त्याचे म्हणणे, मी आठ दिले. मी रोखपालाला विचारले, वही काढली, आदल्या संध्याकाळची शिल्लक पाहिली. पैशापैशाने जुळत होती. एक हजार जास्त आले असते तर शिल्लक वाढली असती. मी त्याला समजावून सांगितले, की बाबा, हिशेब जुळला आहे, म्हणजे तुमचे पैसे सातच होते.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, 'तुमचा हिसाब जुयला साहेब. माहा नाई जुयला.'

तो भांडला नाही. पुढेही त्याच शाखेत येत राहिला, पण दरवेळी खिडकीशी नोटा दोनदा मोजून घेत असे आणि माझ्याकडे पाहत नसे. तो खोटे बोलत होता असे मला तेव्हाही वाटले नाही. रोखपाल लबाड होता असेही वाटले नाही. व्यापाऱ्याने दिलेल्या गड्डीतच नोटा कमी असतील. किंवा आणखी काही असेल. मी कादंबऱ्या लिहितो. त्या प्रसंगाचे चार शेवट मला रचता येतील. खरा कोणता, ते मला आजही सांगता येत नाही. मी निर्णय दिला होता तो माझ्याजवळच्या पुराव्यावर. आणि माझ्याजवळचा सगळा पुरावा बँकेने बँकेसाठी तयार केलेला होता.

पुढे शाखांत कॅमेरे आले. मला वाटले, आता असे होणार नाही. निवृत्तीच्या काही वर्षे आधी दुसऱ्या एका शाखेत जवळपास तशीच तक्रार आली. या वेळी आम्ही चित्रफीत लावली. त्यात तिजोरीची वाट स्वच्छ दिसत होती, दरवाजा दिसत होता, रोखपालाचे डोके दिसत होते. खिडकीवरच्या नोटा मात्र ग्राहकाच्या पाठीआड होत्या. कॅमेरा चोर पकडण्यासाठी बसवला होता. ग्राहकाची बाजू टिपणे हे त्याचे कामच नव्हते. तेव्हा मला कळले, की कॅमेरा आहे की नाही हा अर्धा प्रश्न आहे. त्याचे तोंड कोणाकडे आहे, तो कोणाचा आहे आणि त्यातले चित्र मागण्याचा हक्क कोणाला आहे, हा उरलेला अर्धा.

मग काय करावे

फुटबॉलचा विचार करताना मला हाच शेतकरी आठवतो. दोह्यात आपल्या संघाची गत त्याच्यासारखी झाली. कागदावर हिशेब जुळला. आपला जुळला नाही. आपल्याकडच्या लीगमध्येही ३ मार्च २०२३ ला बंगळूरुत सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवरून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. क्लबला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी झाली. शिस्त म्हणून ते योग्यच. पण दाद मागायला जागा नसेल तर माणूस एक तर मैदान सोडतो, नाहीतर कॉलर धरतो. दोन्ही वाईट, आणि दोन्हींचे मूळ एक.

म्हणून यंत्र नको म्हणणाऱ्या स्वीडिश चाहत्याबद्दल मला आदर वाटतो, पण त्याची चैन मला परवडत नाही. त्याच्याकडे क्लबाच्या कारभारात मत आहे. त्याला ऐकून घेणारे कोणी आहे. ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांना निदान पुरावा तरी मिळाला पाहिजे. मात्र तो मिळावा कसा, याच्या काही अटी आहेत. एक, आधी नियम स्वच्छ, मग कॅमेरा. हांगझोचा धडा तोच. दोन, एका स्पर्धेला एकच माप. पात्रता फेरीतला गरीब आणि मुख्य फेरीतला श्रीमंत असा भेद नको. खर्चाची सबब आता पुरती चालत नाही. २०२४ मध्ये महिलांच्या २० वर्षांखालील विश्वचषकात फिफाने स्वस्तातली पद्धत वापरून पाहिली : मोजके कॅमेरे, वेगळे चित्रफीत-पंच नाहीत, प्रत्येक प्रशिक्षकाला दोन वेळा दाद मागण्याचा हक्क आणि चित्र पाहून निर्णय मैदानावरच्या पंचाचाच. आमच्यासारख्यांना पेलणारी वाट ती आहे. तीन, निर्णय सर्वांसमोर सांगावा. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी तपासणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितला. कारण कळले की हरलेला माणूसही निम्मा शांत होतो. मी त्या शेतकऱ्याला निकाल सांगितला होता. त्याच्यासमोर बसून वही उलगडून दाखवली नव्हती. उलगडली असती तरी हजार रुपये परत आले नसते. पण तो माझ्याकडे पाहत राहिला असता.

आणि चौथी अट मला आमच्या भागातल्याच एका कबड्डीच्या सामन्यात शिकायला मिळाली. गेल्या हिवाळ्यात मला तिथे बक्षिसे वाटायला बोलावले होते. शेवटच्या चढाईवर वाद झाला. बघता बघता वीस मोबाइल पंचांच्या नाकासमोर आले. प्रत्येकात दृश्य वेगळ्या बाजूने घेतलेले. एकात स्पर्श दिसे, एकात दिसत नसे. पंच साठीचे, शाळेतले निवृत्त गुरुजी. त्यांनी एकही मोबाइल पाहिला नाही. म्हणाले, 'पोरंहो, फोन पाह्यची माही ना नाई. पण कोनाचा फोन मानाचा, हे खेळ सुरू व्हायच्या आंधी ठरवा लागत होतं. आता ज्याले जिंकाचं हाय तो आपलाच फोन दाखोन. आज माह्या डोयानं पाह्यलेलं चालन. उद्यापासून तुमी ठरवा.' कुरकुर झाली, पण खेळ संपला आणि बक्षिसे वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन बांबू रोवले आणि प्रत्येकावर एक मोबाइल बांधला. कोणता फोन कोणाचा, हे दोन्ही संघांच्या कप्तानांनी पाहून घेतले. त्या दिवशी एकदाच तपासणी झाली आणि गुरुजींचाच निर्णय चुकीचा निघाला. त्यांनी चष्मा पुसला, गुण बदलला आणि शिटी वाजवली.

उद्या सकाळी चहाला जाईन तेव्हा त्या पोराला हेच सांगणार आहे.